नोमिक खेळायला जागा कुठली? झुलिपवरचे आठ महिने

आम्ही सहा जण नोमिक खेळतो. तिघे पुण्यात, एक काका नाशिकला, एक मित्र फोंड्याला आणि माझी मामेबहीण टोरंटोला. खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. पीटर सुबर या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी तो तयार केला आणि १९८२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या डग्लस हॉफस्टॅटर यांच्या सदरातून तो लोकांपर्यंत पोचला. आपली पाळी आली की एखादा नियम बदलायचा प्रस्ताव मांडायचा, सगळ्यांनी मत द्यायचं, मग गुणांसाठी फासा टाकायचा. सुरुवातीला २९ नियम असतात: १०१ ते ११६ अचल (सहजासहजी न बदलता येणारे), २०१ ते २१३ चल (बदलता येणारे). नवे प्रस्ताव ३०१ पासून सुरू होतात.

पहिला डाव आम्ही सगळ्यांच्या फोनवर आधीपासून असलेल्या एका चॅट अ‍ॅपवर मांडला. सोय म्हणून, दुसरं काही नाही. एवढंच नव्हे, तर हौसेने ११७ वा अचल नियमही घातला की खेळ याच ग्रुपवर होईल. महिनाभरात प्रस्ताव, मतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि काकांचे आंब्याचे फोटो यांची एकच खिचडी झाली. जागा बदलावी तर अचल नियम चल करायला एकमत लागतं, आणि एकाला फोनमध्ये आणखी एक अ‍ॅप नको होतं. अडकलो.

मग प्रस्ताव ३१४ आला. प्रस्ताव फेटाळला गेला तर मांडणाऱ्याचे १० गुण जातात, त्याऐवजी '५ गुण' करा, असा तो होता. दोघांनी 'हो' म्हटलं. त्यानंतर तो मांडणाऱ्या फोंड्याच्या मित्राने, अगदी चांगल्या हेतूने, मजकूर दुरुस्त करून '५ किंवा त्याहून कमी' केलं. पुढे आणखी दोन 'हो' आणि दोन 'नाही'. आधीची दोन मतं धरली तर प्रस्ताव बहुमताने मंजूर, नाही धरली तर नामंजूर. मेसेजखाली फक्त 'एडिटेड' असा शब्द दिसत होता, आधी नेमकं काय लिहिलं होतं ते कुणालाच दाखवता येईना. त्या पाळीला वाद सोडवणारे न्यायाधीश काका होते. दोन दिवस विचार करून त्यांनी निकाल दिला की चाल वैध की अवैध हे ठरवताच येत नाही. आता नियम २१३ म्हणतो की अशा वेळी ज्याची पाळी पुरी होऊ शकत नाही तोच जिंकतो. म्हणजे जिंकला कोण, तर ज्याने मजकूर बदलला तोच! त्याला स्वतःलाही ते रुचलं नाही. सहा आठवड्यांचा डाव एका दुरुस्तीने संपला.

तेव्हा मला कळलं की या खेळात बोलायची जागा म्हणजे पट आहे. बुद्धिबळाचा पट हलला तर सोंगट्या परत मांडता येतात. इथे कुणी कधी काय लिहिलं याची नोंद गेली की खेळच गेला. अगोरा नावाचा नोमिक १९९३ पासून ई-मेलवर चालू आहे, आणि त्यामागे हे एक मोठं कारण असावं असं मला वाटतं: पाठवलेलं पत्र मागे घेऊन खोडता येत नाही.

दुसरा डाव झुलिप या चॅट अ‍ॅपवर. इथे चॅनलच्या आत प्रत्येक विषयाचा वेगळा धागा असतो. आम्ही तीन चॅनल केले: प्रस्ताव, निवाडे आणि गप्पा. आंबे आता गप्पांमध्ये. प्रत्येक प्रस्तावाला त्याच्या क्रमांकाचा धागा, आणि निकाल लागला की धागा 'रिझॉल्व्ह' करायचा, मग नावापुढे बरोबरची खूण येते. महिन्यापूर्वीचा वाद काढायचा तर थेट त्याच मेसेजची लिंक देता येते. दुरुस्तीचा इतिहास उघडला की जुना शब्द आणि नवा शब्द दोन्ही दिसतात. मेसेज कुणी पुसायचा आणि किती वेळात दुरुस्त करायचा हे ॲडमिन ठरवू शकतो. आम्ही पुसणं सरसकट बंद केलंय.

वेळेचंही असंच. पहिल्या डावात 'रविवारी रात्री १२ पर्यंत' मत द्यायचं ठरलं होतं. बहिणीने दिलं तेव्हा तिच्याकडे रविवारी दुपारचे २:४० वाजले होते, आपल्याकडे सोमवार लागून १० मिनिटं झाली होती. ती फार दुखावली होती. झुलिपमध्ये तारीख-वेळ घातली की ज्याला-त्याला आपल्या घड्याळाप्रमाणे दिसते. आता मुदत तशीच लिहायची, असा नियमच आहे.

मत मात्र शब्दांत लिहायचं. आपण दिलेली अंगठ्याची इमोजी कुणीही कधीही गुपचूप काढू शकतो, म्हणून ती मत धरत नाही.

झुलिपच्या फुकटच्या क्लाउड योजनेत शेवटचे १०,००० मेसेजच शोधता येतात. आम्ही अजून त्याच्या आत आहोत, तरी प्रत्येक मंजूर नियमाची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. मोठा गट असेल आणि कुणाला सर्व्हर सांभाळता येत असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर बसवा. २०१५ पासून झुलिप मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे.

फासा अजून आम्ही शनिवारी व्हिडिओ कॉलवर टाकतो, काकांच्या सापशिडीचा. आणि नव्या डावातल्या नियमात झुलिपचं नाव कुठेच नाही. 'खेळाडूंनी बहुमताने ठरवलेली जागा' एवढंच लिहिलंय, तेही चल नियमांत.