घरचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक: वर्षभराच्या वापरानंतर

मुलगी आठवीत गेली आणि जूनमध्येच घरी सूक्ष्मदर्शक घेतला. अंबाल्याला बनलेला, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसाच. वर १० पटीचं आयपीस, खाली १० आणि ४५ पटीची दोन वस्तुभिंगं, उजेडासाठी आरसा. म्हणजे वस्तू १०० पट किंवा ४५० पट मोठी दिसते. तीन हजारांच्या आसपास पडला. आता वार्षिक परीक्षा तोंडावर आलीय, तेव्हा घ्यावा की नाही असं विचारणाऱ्या पालकांसाठी हे लिहितेय.

आठवीच्या विज्ञानात द्रव्याचं संघटन आणि पेशी हे दोन्ही धडे एकाच वर्षात येतात, आणि दोन्हींत नव्या शब्दांचा भडिमार असतो. मूलद्रव्य, संयुग, द्रावण, निलंबन, कलिल; मग पेशीभित्तिका, पेशीद्रव्य, केंद्रक, रिक्तिका. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. वर्षभर वापरून माझं ठाम मत झालंय: यातला जो शब्द एकदा डोळ्यांनी पाहिला, त्याची व्याख्या मूल स्वतःच्या भाषेत सांगतं.

सुरुवात सगळे करतात तशी कांद्याच्या पापुद्र्याने केली. टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की प्रत्येक पेशीत पिवळसर तपकिरी केंद्रक उठून दिसतं. गालाच्या आतून हलकेच खरवडून मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग टाकून पाहिलं की पेशीभित्तिका नसलेली, वेड्यावाकड्या कडांची पेशी समोर येते. वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतला फरक एका संध्याकाळी कळला.

पण सगळ्यात जास्त दिलं ते ऱ्हिओने. पानाची खालची बाजू जांभळी असलेलं हे शोभेचं झाड बहुतेक सोसायट्यांच्या आवारात असतं. त्या जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलून पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि वर कव्हर स्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवायची. प्रत्येक पेशी जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेली दिसते. तो रंग रिक्तिकेतल्या, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीतल्या, रसाचा. मग अर्ध्या पेल्या पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून कव्हर स्लिपच्या एका कडेला थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यायचं. काही मिनिटांत जांभळा भाग आक्रसायला लागतो, कोपऱ्यांपासून सुटतो आणि मध्ये गोळा होतो. पेशीभित्तिकेची चौकट मात्र जागच्या जागी! साधं पाणी सोडलं की रंग पुन्हा पसरतो. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी का सुटतं, हे मुलीने मला तिथेच समजावून सांगितलं. पेशीच्या पटलातून पाणी असं जास्त मिठाच्या बाजूला जाणं म्हणजे परासरण; हा शब्द तोवर फक्त पुस्तकात होता.

द्रव्याच्या धड्यासाठी सूक्ष्मदर्शक कामाला येईल अशी अपेक्षा नव्हती. तो आला, दुधामुळे. चमचाभर पाण्यात दुधाचा एकच थेंब मिसळून त्यातलं टिपूसभर स्लाइडवर घेतलं आणि ४५० पटीवर पाहिलं. पांढरं एकजीव वाटणारं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे असंख्य गोल थेंब, आणि त्यांतले बारीक थेंब सतत थरथरत असतात. कलिल म्हणजे असे बारीक, तळाशी न बसणारे कण पसरलेलं मिश्रण, ते इथे दिसतं. पाकिटावर होमोजिनाइज्ड लिहिलेलं दूध घ्या, कारण त्यातले थेंब बारीक असतात. म्हशीच्या ताज्या दुधात मोठे थेंब जास्त, आणि ते जवळपास हलत नाहीत.

ही थरथर रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांमध्ये पाहिली. जिवंतपणाची खूण असेल म्हणून त्याने निर्जीव खनिजांची पूड पाण्यात टाकून पाहिली, तर तीही तशीच हलली. कारण आइनस्टाइनने १९०५ मध्ये गणिताने मांडलं: न दिसणारे पाण्याचे रेणू चहूबाजूंनी कणांवर आदळत असतात. पुढे झां पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मोजमापं करून ते पक्कं केलं. त्याला १९२६ चं नोबेल मिळालं. आणि ऑर्किडच्या पेशी पाहताना केंद्रकाला नाव देणारा माणूसही हाच ब्राउन. पेशी आणि रेणू हे दोन धडे एका माणसाच्या एकाच उपकरणातून निघाले, हे मला वर्षभरातलं सर्वांत मोलाचं वाटतं. शाळेत आम्हाला हे कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

यातून काय दिसणार नाही तेही सांगते. आंतर्द्रव्यजालिका (पेशीतलं पटलांचं जाळं) आणि पुस्तकातल्या आकृतीतली तंतुकणिकेची (मायटोकाँड्रियाची) आतली रचना यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) मात्र हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात छान दिसतात, धीर धरला तर पेशीच्या कडेने सरकतानाही.

आता तक्रारी. काही महिन्यांत नळी वर-खाली करायचा मोठा स्क्रू सैल पडला आणि नळी आपोआप खाली घसरू लागली. ४५ चं भिंग स्लाइडच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे दोन कव्हर स्लिपा फुटल्या. स्क्रूचे दोन्ही बाजूंचे गुंडे धरून उलट दिशांना पिळले की ते घट्ट बसतं, पण हे माहितीपत्रकात लिहायला हवं होतं. पावसाळ्यात आरशाला उजेड पुरत नाही. टेबललॅम्पपुढे पांढरा कागद धरून काम भागवलं. आरसा थेट सूर्याकडे कधीच वळवू नका, डोळ्याला इजा होते. आमच्याकडे कोकणात दमट हवेने भिंगांवर बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते.

सहलीला न्यायचं असेल तर मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये तयार केलेला कागदी फोल्डस्कोप पाहा. १४० पट दाखवतो आणि खिशात मावतो.

दुकानात १०० पटीचं, स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून वापरायचं भिंग गळ्यात मारतात. आठवी-नववीला ते लागत नाही. ते पैसे कव्हर स्लिपांची डबी, आयोडीन, मिथिलीन ब्ल्यू आणि एक चांगला चिमटा यांवर घाला.