पायइन्स्टॉलर: प्रोग्रामसोबत फॉन्टही न्यायचे असतील तर

पायथॉनमध्ये लिहिलेला प्रोग्राम, ज्याच्या संगणकावर पायथॉनच नाही अशा माणसाच्याही हाती देता यावा, यासाठी मी पायइन्स्टॉलर हे मोफत साधन वापरतो. कोडमधील इम्पोर्ट, म्हणजे इतर कोड मागवणाऱ्या ओळी, तपासून लागणारी मॉड्यूल्स (कोडच्या फायली) ते स्वतःच गोळा करते आणि हे काम बहुधा चोख होते. मात्र चित्रे, टेम्प्लेट, फॉन्ट अशा फायली आपण सांगितल्याखेरीज ते सोबत घेत नाही.

मराठी पावत्या छापणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामसोबत मला देवनागरी फॉन्ट द्यायचे होते. पायइन्स्टॉलरच्या आज्ञेतील ‘ॲड-डेटा’ या पर्यायात आधी फायलीचा मार्ग, मग कोलन आणि त्यापुढे पॅकेजमधील ठिकाण लिहायचे असते. हे ठिकाण नेहमी फोल्डरच मानले जाते. मी तेथे फायलीचे नाव लिहिले, तेव्हा त्या नावाचे फोल्डर तयार होऊन फाइल त्याच्या पोटात जाऊन बसली. चूक अर्थातच माझी होती. अख्खे फोल्डर दिले तर त्यातील फायली जातात, फोल्डरचे नाव जात नाही, म्हणून ते नाव कोलनच्या दोन्ही बाजूंना लिहावे लागते. पूर्वी विंडोजवर कोलनऐवजी अर्धविराम लागत असे. २०२३ मधील ६.० आवृत्तीपासून कोलन सर्वत्र चालतो, ही सुधारणा खरे तर फार आधी व्हायला हवी होती.

सर्व काही एकाच फायलीत बांधण्याची सोय दिसायला आकर्षक आहे, पण तो प्रोग्राम दर वेळी सुरू होताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो आणि बंद होताना ते फोल्डर पुसतो. त्यामुळे फायली जड असतील तर सुरुवात रेंगाळते आणि वापरणाऱ्याने बदललेल्या सेटिंग तेथे जपल्यास त्या नाहीशा होतात. अशा कामासाठी मी एका फोल्डरचा प्रकारच निवडतो, ६.० पासून प्रोग्राम सुरू करणारी मुख्य एक्झी फाइल वगळता बाकीचा पसारा त्यात ‘इंटर्नल’ नावाच्या उपफोल्डरमध्ये जातो, हे मला आवडले.

फायली दोन-चारहून अधिक असतील, तर लांबलचक आज्ञा टाइप करत बसण्यापेक्षा स्पेक फायलीतील, म्हणजे पायइन्स्टॉलर बांधणीच्या सूचना ज्यात लिहून ठेवते त्या फायलीतील, ‘डेटाज’ यादी भरणे सोयीचे ठरते. फक्त पुढील वेळी आज्ञेत स्पेक फायलीचेच नाव द्यावे, कारण मूळ पायथॉन फायलीचे नाव दिल्यास स्पेक नव्याने लिहिली जाते आणि भरलेली यादी हातची जाते.