यूसी डेव्हिसची युनिट्रान्स बस: गाडी घ्यायच्या आधी वाचा

डेव्हिसला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस युनिव्हर्सिटीत, ॲडमिशन झालं की घरच्यांचा पहिला प्रश्न, तिकडे गाडीशिवाय भागतं का? अंडरग्रॅडला असाल तर मस्त भागतं. युनिट्रान्सचे, म्हणजे तिथल्या बस सर्व्हिसचे, पैसे फीमध्येच घेतलेले असतात, आयकार्ड दाखवायचं आणि बसायचं. हे एक वाक्य नवीन पोरांना पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगायला हवं, कारण पैसे भरून झालेत हे कळलं की माणूस बस वापरतोच, नुसत्या 'पर्यावरण वाचवा' पोस्टरने कोणी गाडी सोडत नाही हे माझं ठाम मत आहे.

मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे ड्रायव्हर स्टुडंट्सच असतात. आपल्याबरोबर लेक्चरला बसणारी मुलगी दुपारी बस चालवताना दिसते, मग कुठली लाइन (म्हणजे बसचा रूट) कुठे जाते, पावसात किती आधी निघायचं हे तिलाच विचारता येतं आणि ती बरोबर सांगते. स्टुडंट युनियनने १९६८ मध्ये लंडनच्या दोन जुन्या डबल डेकर आणून ही सर्व्हिस सुरू केली. बेस्टच्या जुन्या डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या तेव्हा जीव हळहळला होता, त्यामुळे इथे लंडनची जुनी लाल बस अजून रस्त्यावर दिसते तेव्हा फार भारी वाटतं.

लाइन्सना अक्षरांची नावं आहेत, बहुतेक बसेस कॅम्पसवरच्या मेमोरियल युनियन नाहीतर सायलो या दोन स्टँडवरून सुटतात. शनिवार-रविवार सर्व्हिस कमी असते, ग्रोसरीचा प्लॅन टाइमटेबल बघूनच करा.

सायकल पण घ्याच. गाव सपाट आहे, अमेरिकेतली पहिली बाइक लेन (सायकलींसाठीची लेन) इथेच १९६७ मध्ये आखली, आणि कॅम्पसच्या मधल्या भागात गाड्या येतच नाहीत. फक्त बाइक सर्कलमध्ये, म्हणजे सायकलींच्या गोल चौकात, उजवीकडून शिरायचं असतं आणि आपल्याला डावीकडची सवय, त्यामुळे क्लास सुरू व्हायच्या आधी रविवारी रिकाम्या कॅम्पसवर दोन-चार फेऱ्या मारा. रिपेअरला बाइक बार्न हे कॅम्पसवरचं सायकलचं दुकान आहे, तेही स्टुडंट्सच चालवतात. कुलूप यू-लॉकच घ्या, केबलवालं नको.

आणि सीनियर्सना कळकळीची विनंती, सप्टेंबरच्या आधी इंडियन ग्रुप्सवर सेकंडहँड गाड्यांच्या लिंका टाकता ना, त्याच मेसेजमध्ये कुठल्या अपार्टमेंटजवळून कुठली लाइन जाते ते पण लिहा.