सोलापूरच्या बाजारातील हूक : काय घ्यावे, काय टाळावे

हूक विकत घेताना फार कमी लोक चौकशी करतात आणि विकणारेही सहसा काही विचारत नाहीत. मंगळवार पेठ आणि मधला मारुती परिसरातील हार्डवेअरची दुकाने, नवी पेठेतील मॅचिंग सेंटरे आणि शहराच्या पूर्वभागात यंत्रमागाचे सुटे भाग विकणारे व्यापारी, या सर्वांकडून मी घरासाठी आणि कारखान्याच्या देखभालीसाठी बरीच वर्षे हूक घेत आलो आहे. माझे मत असे, की सोलापुरात मिळणारा माल एकंदरीत चांगला असतो; मात्र कोणता हूक किती आणि कोणत्या प्रकारचा भार पेलेल, हे ग्राहकाला कळण्याची सोय जवळजवळ नसते. पाकिटावर आकार लिहिलेला असतो, भार क्वचितच. सुट्या मालाच्या डब्यावर तर काहीच लिहिलेले नसते.

याला एक चांगला अपवाद मला माहीत आहे. मधल्या मारुतीजवळच्या एका जुन्या दुकानात हूक मागितला, की दुकानदार आधी म्हणतात, “काय टांगायचंय ते सांगा की, मालक.” उत्तर ऐकल्याशिवाय ते डबा उघडत नाहीत. वस्तू किती जड आहे, ती स्थिर राहणार की हलणार, भिंत विटांची आहे, काँक्रीटची आहे की नुसते प्लायवूड आहे, असे ते एकेक विचारत जातात. हूक घेताना याहून वेगळे काही विचारण्याची गरजच नसते. हे परीक्षणही मी याच प्रश्नांच्या आधाराने लिहीत आहे.

सध्या सर्वाधिक खप आहे तो चिकटपट्टीच्या पारदर्शक हुकांचा. भिंतीला भोक पाडावे लागत नाही, म्हणून भाड्याच्या घरात राहणारे ते हमखास घेतात. पाकिटावर छापलेला भार गुळगुळीत, स्वच्छ आणि कोरड्या पृष्ठभागासाठी, म्हणजे काचेसाठी किंवा चकाकी असलेल्या फरशीसाठी असतो, ही बाब मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. डिस्टेंपरच्या भिंतीवर ही पट्टी भिंतीला चिकटत नाही, ती रंगाच्या थराला चिकटते, आणि भार पडला की रंगाचा पापुद्रा घेऊनच खाली येते. सोलापुरात आणखी दोन अडचणी आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो आणि पश्चिमेकडील भिंती रात्री उशिरापर्यंत तापलेल्या असतात. अशा उष्णतेत स्वस्त चिकटद्रव्य मऊ पडते आणि हूक हळूहळू घसरू लागतो. दुसरी अडचण बोअरच्या जड पाण्याची. न्हाणीघरातील फरशीवर क्षारांचा पांढुरका थर साचतो आणि तो खरडून काढल्याशिवाय कोणतीही पट्टी नीट बसत नाही. फरशी आधी व्हिनेगरने आणि मग साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून पट्टी दाबून बसवली आणि एक दिवस काहीही टांगले नाही, तर हे हूक कालथे, झारा, किल्ल्या, पातळ टॉवेल यांसाठी उत्तम चालतात. फरशी संगमरवरी असेल तर व्हिनेगर वापरू नये, कारण त्याने तिची चकाकी जाते. भरलेली पिशवी, आरसा किंवा देवाची काचेची तसबीर या हुकांवर टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोक पाडून बसवायच्या हुकांमध्ये आटे असलेला हूक आणि दोन स्क्रूच्या पट्टीचा हूक असे दोन प्रकार सहज मिळतात. आट्यांचा हूक लाकडासाठी चांगला आहे. विटांच्या भिंतीत तो नुसता पिळून उपयोग नाही. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवण्यासाठी भोकात ठोकायचा तुकडा, योग्य मापाची हवी आणि ती गिलाव्याच्या आत, विटेपर्यंत पोहोचली पाहिजे. येथे हुकाची लांबी महत्त्वाची ठरते. भार भिंतीपासून जितका दूर, तितकी वरच्या स्क्रूवरची ओढ जास्त. त्यामुळे लांब बाहेर आलेला शोभिवंत हूक दिसायला भक्कम वाटला, तरी तीच पिशवी भिंतीलगतचा आखूड हूक अधिक सुरक्षितपणे पेलतो. वजनदार वस्तूसाठी मी नेहमी दोन स्क्रूंचा, आखूड आणि स्टेनलेस स्टीलचा हूक घेतो. पितळेसारखा दिसणारा मुलामा दिलेला हूक स्वस्त पडतो, पण न्हाणीघरात त्याचा मुलामा लवकर उडतो.

पंख्याच्या हुकाबद्दल घर बांधणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. स्लॅब टाकण्यापूर्वी जाड सळई वाकवून ती वरच्या लोखंडी जाळीत अडकवून बांधलेली असेल, तर तो हूक घराइतकाच टिकतो. स्लॅब झाल्यावर आठवण झाली, तर विस्तारणाऱ्या अँकर बोल्टशिवाय पर्याय नाही, आणि तो चांगल्या प्रतीचाच घ्यावा. छताच्या पंख्याचे वजन साधारण तीन ते पाच किलो, म्हणजे फारसे नाही. खरा धोका सततच्या कंपनाचा असतो. म्हणून नट ढिला होऊ नये यासाठी स्प्लिट पिन लावलेली आहे ना, हे वायरमन शिडीवरून उतरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

झोपाळ्याचा हूक हा त्याहून कितीतरी गंभीर विषय आहे. नागपंचमीला झोका बांधताना किंवा बंगईसाठी कड्या घेताना लोक बसणाऱ्यांच्या वजनाचा हिशेब करतात आणि तेथेच थांबतात. झोका उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत वर गेला, तर खाली येताना तळाच्या बिंदूवर हुकांना वजनाच्या दुप्पट ओढ सहन करावी लागते. ७० किलोची एक व्यक्ती त्या क्षणी १४० किलोंची झालेली असते. शिवाय कडी आणि हूक एकमेकांवर घासून झिजत राहतात, आणि ही झीज आतल्या बाजूला होत असल्यामुळे खालून दिसत नाही. बाजारात बेअरिंग असलेले झोपाळ्याचे हूक मिळतात. त्यांची किंमत साध्या हुकापेक्षा बरीच जास्त असते, तरी घरात मुले झोका घेणार असतील तर तेच घ्यावेत. सळई वाकवून तिचे टोक वेल्डिंगने चिकटवलेला हूक माणसांसाठी वापरू नये. असे हूक काही ठिकाणी ‘हेवी’ म्हणून विकले जातात, हे मला अत्यंत गैर वाटते.

घडीव आणि ओतीव यांतला फरक येथेच समजून घ्यावा. ओतीव लोखंडाचा हूक जाड आणि सुबक दिसतो, पण जास्त भार आला की काहीही पूर्वसूचना न देता तुटतो. घडीव पोलादाचा हूक आधी उघडू लागतो, म्हणजे त्याचे तोंड रुंदावते, आणि पाहणाऱ्याला सावध होण्याची संधी मिळते. कारखान्यात सुताचे जड बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, चेनपुलीने (साखळीच्या कप्पीने) उचलताना याच गुणावर आमचा भरवसा असतो. चेनपुलीचा हूक नवीन असतानाच त्याच्या तोंडाचे माप लिहून ठेवावे आणि ठरावीक काळाने पुन्हा मोजावे. तोंड रुंदावले असेल तर तो हूक बदलावा, ठोकून पुन्हा बंद करू नये. तोंडावरची स्प्रिंगची पट्टी तुटलेली चेनपुली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. जुन्या यंत्रसामग्रीच्या बाजारात अशी चेनपुली नेहमी दिसते.

मार्केट यार्डातील हमाल पोती उचलायला वापरतात तो लाकडी मुठीचा हूक अजूनही स्थानिक लोहार घडवून देतात. त्याची मूठ आणि पाते यांचा जोड पक्का असतो आणि या मालाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र तो तागाच्या पोत्यासाठी आहे. तागाचे विणकाम हुकाचे भोक बऱ्याच अंशी मिटवून घेते. प्लॅस्टिकच्या विणीचे किंवा कागदी पोते मात्र फाटत जाते. अनेक गोण्यांवर आणि खोक्यांवर हुकाच्या चित्रावर फुली मारलेली असते, ती याच कारणासाठी. घरी सिमेंट उतरवून घेताना ती फुली हमालबांधवांना दाखवावी, म्हणजे नुकसान टळते.

आता ब्लाउजच्या हुकांविषयी, कारण याच वस्तूबद्दल घरोघरी सर्वाधिक तक्रार ऐकू येते. नवी पेठेत हे हूक सुटेही मिळतात आणि शिलाई करणाऱ्या भगिनी ते ग्रोसच्या हिशेबाने, म्हणजे १४४ नगांनी, घेतात. लोखंडी तारेवर मुलामा दिलेला हूक आणि पितळी हूक शेजारी ठेवले तर फरक ओळखू येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने लोखंडी हूक गंजतो आणि कापडावर तांबूस डाग पडतो. तो डाग सुती कापडावरून निघणे फार कठीण. यासाठी सोपा उपाय म्हणजे खरेदीला जाताना छोटे लोहचुंबक बरोबर न्यावे. जो हूक चुंबकाला चिकटतो तो लोखंडी, जो चिकटत नाही तो सहसा पितळी. नवी पेठेतील एका मॅचिंग सेंटरमधील ताईंनी स्वतःहून चुंबक काउंटरवर ठेवले आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते. दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे हुकाच्या आतल्या बाजूचा बारीक उंचवटा. तो उंचवटा असेल तर धाग्याच्या घरातून हूक आपोआप सुटत नाही. रेशमी कापडावर टिचबटणाची ओढ एकाच ठिकाणी येऊन कापड फाटण्याची शक्यता असते, म्हणून तेथे बारीक पितळी हूक आणि हाताने विणलेले धाग्याचे घर हीच जोडी सर्वांत चांगली.

क्रोशाची सुईदेखील हूकच. तिच्याबद्दल एवढेच सांगतो, की आकार मिलिमीटरमध्ये कोरलेला असेल तीच घ्यावी आणि टोकाच्या खाचेवरून नख फिरवून पाहावे; खाच खरखरीत असेल तर ती प्रत्येक टाक्याला सूत ओढते. मासेमारीचे गळ शहरात मोजक्या दुकानांत मिळतात. उजनीच्या पाण्यावर हौसेने जाणाऱ्या नवख्यांनी लक्षात ठेवावे, की साध्या क्रमांकांत आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो, आणि १/०, २/० असे शून्य लावलेले क्रमांक सुरू झाले की तो मोठा होत जातो. दुकानदाराला माशाचे नाव सांगून गळ मागितला तर गोंधळ होत नाही.

एका प्रकाराचा मात्र उल्लेख करून तो पूर्णपणे नाकारला पाहिजे. विजेच्या तारेवर टाकायचा आकडा ही विक्रीची वस्तू नव्हे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ नुसार ही वीजचोरी आहे आणि तिला तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. त्याहीपेक्षा, ओल्या शेतात असा आकडा टाकताना माणसे दगावतात. यासाठी कोणी काठी आणि तार मागितली तर दुकानदारांनी ठामपणे नकार द्यावा.

सोलापूरला खरोखर अभिमान वाटावा असा हूक घराघरांत दिसत नाही. तो मागावर नक्षी विणणाऱ्या जकार्ड यंत्राच्या आत असतो. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या या यंत्रात नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांच्या रूपाने असते. कार्ड सुयांवर दाबले जाते. भोक असेल तेथे सुई आत जाते, तिचा उभा हूक जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीत अडकून ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे उचलतो. भोक नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते, हूक पट्टीपासून बाजूला सरकतो आणि त्याचे धागे खालीच राहतात. चादरीवरचा मोर किंवा वेलबुट्टी या उचलण्या-न उचलण्यातून तयार होते. यंत्राची क्षमताही हुकांवरच सांगितली जाते. २४० हुकांचे यंत्र म्हणजे २४० जागी स्वतंत्रपणे उचल करणारे यंत्र. हूक वाढले की नक्षी अधिक रुंद किंवा अधिक बारीक करता येते.

या हुकांचा माल पूर्वभागातील सुट्या भागांच्या दुकानांत मिळतो आणि त्यात प्रतीचा फरक मोठा आहे. चांगल्या हुकाची तार पूर्ण सरळ असते, नाक, म्हणजे पट्टीत अडकणारे वाकवलेले टोक, गुळगुळीत असते आणि सर्व नगांची उंची एकसारखी असते. मी नेहमी मूठभर हूक काचेच्या तुकड्यावर आडवे ठेवून बोटाने लोळवतो. जो अडखळतो तो वाकडा. नाक मऊ तारेचे असेल तर पट्टीच्या घासण्याने ते लवकर झिजते आणि हूक मधूनच निसटतो, मग चादरीच्या लांबीभर एक उभी चूक दिसत राहते. जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती करणारा कारागीर, कितीही कुशल असला तरी मऊ तारेला तो काही करू शकत नाही. एका दुकानाने मला जुने हूक घासूनपुसून नवे म्हणून दिले होते, ते नाकावरच्या तिरप्या झिजेवरून ओळखू आले आणि मी परत केले. दुसऱ्या एका दुकानात मात्र नमुना म्हणून थोडे हूक आधी लावून पाहायला देतात आणि न पटल्यास परत घेतात. पुष्कळसे कारखाने आता इलेक्ट्रॉनिक जकार्डकडे वळले आहेत, त्यामुळे पुठ्ठ्याच्या यंत्राचे हूक ठेवणारी दुकाने पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत. ज्यांच्याकडे अशी यंत्रे चालू आहेत त्यांनी आपल्या यंत्राचा एक न झिजलेला हूक मापासाठी जपून ठेवावा, दुकानात जाताना तोच बरोबर न्यावा आणि उंची तंतोतंत जुळल्याशिवाय पैसे देऊ नयेत.