मोडेमवरचा लाल दिवा आणि गेलेले ३८,४०० रुपये

मृग लागून चार दिवस झाले होते. रात्रभर वारा, पहाटे वीज गेली ती नऊला आली, पण नेट काही आलं नाही. आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या काठाला. आंब्याचा हंगाम संपला की पेट्यांचे हिशेब मी कॉम्प्युटरवर करते आणि पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवते. मोडेम बंद करून चालू केला, वायरी काढून परत घातल्या. एक दिवा लाल लुकलुकत होता, त्याच्याखाली एलओएस अशी तीन अक्षरं. त्यांचा अर्थ मला माहीत असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, म्हणून आधी तोच सांगते.

हा दिवा लाल झाला म्हणजे फायबरमधून, म्हणजे वायरीतल्या काचेच्या बारीक तंतूतून, येणारा प्रकाश मोडेमपर्यंत पोचत नाही. वायर तुटली असेल, मुडपली असेल, नाहीतर वाटेत कुठे जोड सुटला असेल. ह्यात तुमच्या कॉम्प्युटरचा काहीही संबंध नाही. फोनवर बसून हे कुणालाच दुरुस्त करता येत नाही, माणसाला वायरपाशी यावंच लागतं.

मी काय केलं? मोबाइलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेला नंबर लावला. तो साधा दहा आकडी मोबाइल नंबर होता. खरा नंबर माझ्या बिलावर छापलेला होता, आणि बिल टेबलाच्या खणात होतं.

पलीकडचा मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता, मला काकू म्हणत होता. “काकू, कालच्या विजांनी तुमच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क बिघडलंय. पाच मिनिटांत करून देतो.” मोडेमवर कुठला दिवा लागलाय, हे त्याने एकदाही विचारलं नाही. त्याने मला ह्यांच्या फोनवरून बोलायला लावलं. माझा मोबाइल चार्जरच्या वायरने सीपीयूला जोडायला सांगितला आणि सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट वायरीतून कॉम्प्युटरला द्यायची सोय, चालू करायला लावली. लगेच कॉम्प्युटरवर नेट आलं.

ह्या जागी मला कुणीतरी थांबवायला हवं होतं. मोबाइलचं नेट कॉम्प्युटरवर व्यवस्थित चाललं, म्हणजे कॉम्प्युटर ठणठणीत होता. बिघाड मोडेमच्या पलीकडे होता, हे त्याच क्षणी सिद्ध झालं होतं. मला मात्र वाटलं, नेट आणलं ह्याने, म्हणजे मुलगा जाणकार आहे. नेट त्याने आणलं नव्हतं, ते माझ्याच रिचार्जचं होतं. आत शिरायला त्याला वाट हवी होती, ती मी माझ्या हाताने करून दिली.

मग त्याने स्क्रीन शेअर करायचं ॲप उतरवायला लावलं आणि त्यावर आलेला आकडा वाचून घेतला. माऊसचा बाण आपोआप फिरायला लागला. त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची नोंदवही, उघडून दाखवला, लाल खुणांची लांबच लांब रांग. “हे सगळे व्हायरस.” नंतर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात आकड्यांच्या ओळी होत्या आणि वर ‘फॉरिन ॲड्रेस’ असं लिहिलं होतं. “बघा काकू, परदेशातली माणसं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलीत.” माझे हात गार पडले.

दोन्ही गोष्टी खोट्या. त्या लाल खुणा चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्येही असतात, सेकंदभर एखादी सेवा अडली तरी तिथे नोंद होते. आणि फॉरिन ॲड्रेस म्हणजे जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता, मग ते टोक मुंबईत असलं तरी तिथे फॉरिनच लिहिलेलं असतं.

त्याने १० रुपये नोंदणी फी नेट बँकिंगने भरायला सांगितली. मी लॉगिन केलं आणि स्क्रीन काळी झाली. “स्कॅन चाललंय, हात लावू नका.” माझ्या मोबाइलवर ओटीपी आले, तो त्यांना नोंदणी क्रमांक म्हणत होता. मी दोन वाचून दाखवले. १९,५०० आणि १८,९०० रुपये गेले. मेसेज पूर्ण वाचला असता तर रक्कम त्यातच लिहिलेली होती.

तेव्हा बारा वाजले होते. मी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबराला, फोन केला साडेचारला. मधले साडेचार तास मी कुणालाच बोलले नाही. ह्यांना जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि मनात एकच, ह्यांना सांगू कसं. ते तास मला सगळ्यात जास्त महाग पडले. १९३० वर तक्रार नोंदवली की पैसे पुढे ज्या खात्यात गेले असतील ते थांबवायचा प्रयत्न होतो, पण पैसे तिथे असायला तर हवेत! मी सांगेपर्यंत पहिली रक्कम पुढे निघून गेली होती. दुसरीतले ११,००० तेवढे गोठले.

बँकेत गेले तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक समजलं. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जाईल ते बँकेचं. म्हणून लाज वाटली तरी फोन आधी करा, रडायचं नंतर. तोवर कॉम्प्युटरची वायर उपटून टाका. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मोबाइलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नाही. आमच्या मुलाने पुण्याहून येऊन विंडोज नव्याने टाकलं, त्याआधी मी कॉम्प्युटरला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बिलावरच्या नंबरावर फोन केला, तेव्हा लाइनमन आला. आमच्याच पंचक्रोशीतला पोरगा. घरात पाऊलही न टाकता तो कुंपणाकडे बघून म्हणाला, “काकी, झावळ पडान वायर तुटली आसा.” माडाखाली ती काळी वायर मधोमध तुटून लोंबत होती, मी सकाळपासून दोनदा तिच्या बाजूने गेले होते. त्याने गाडीवरून छोटं मशीन काढलं, केसासारखी दोन टोकं समोरासमोर धरून जोडली आणि वर प्लास्टिकची नळी चढवली. अर्ध्या तासात दिवा हिरवा झाला. पैसे विचारले तर म्हणाला, “ह्येचे पैशे नाय.”