चारापट्ट्यासाठी अवजार घेताना रुंदी नको, वजन बघा

हरणांसाठी, सशांसाठी किंवा पाखरांसाठी जंगलाच्या कडेला क्लोव्हर, ओट, राय किंवा सलगमचा एखादा तुकडा लावायचा ठरला की पहिलं अडतं ते अवजारापाशी. मोठी शेतीची अवजारं अशा जागी पोचतच नाहीत. वाट अरुंद, मध्येच झाडाचा खुंट, अर्धा मातीत गाडलेला दगड आणि वर्षानुवर्षं न हललेलं गवताचं जाजम. बागेतलं यंत्र पोचतं, पण त्या जाजमावर नुसतं नाचतं. या दोहोंच्या मधल्या छोट्या यंत्रांचा हा आढावा.

आधी खोलीचं बोलू, कारण चुकीची खरेदी तिथूनच सुरू होते. क्लोव्हरचं बी मातीत अर्ध्या सेंटीमीटरच्या आतच राहायला हवं. ओटचं अडीच ते चार सेंटीमीटर. म्हणजे वरची पाच ते आठ सेंटीमीटर माती मोकळी झाली की बहुतेक मिश्रणांना पुरते. वीस सेंटीमीटर खोल जाणारं यंत्र घेऊन हाती काय येतं? खाली निजलेलं तणाचं बी वर येतं आणि हराळीच्या कांड्यांचे तुकडे होतात, ज्यांतला प्रत्येक डोळा पुन्हा फुटतो. एका हराळीच्या दहा हराळ्या करायचं हे खात्रीचं तंत्र आहे.

चालत वापरायचे पॉवर टिलर आणि वीडर

ज्यांची पाती पुढे असतात आणि पात्यांवरच यंत्र चालतं, ते पड जमिनीसाठी बाद समजा. घट्ट गवतावर पाती खणण्याऐवजी चाकासारखी पळतात आणि माणूस मागे ओढला जातो. पाती मागे आणि चाकांना इंजिनाची ताकद, अशी रचना हवी. त्यातही पाती चाकांच्या उलट दिशेने फिरणारं मॉडेल पड जमिनीत सरस ठरतं, कारण उलट फिरणं यंत्राला पुढे पळू देत नाही. त्याची खोड एकच, दगड पाती आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये अडकतो. वजन ऐंशी किलोच्या आसपास असेल तर पाती मातीत टिकतात. पस्तीस किलोचं यंत्र उसळतं.

घेण्याआधी हिशेब करा. पात्यांची रुंदी 45 सेंटीमीटर, चाल ताशी 1 किलोमीटर, म्हणजे तासाला 450 चौरस मीटर, तेही वळणं न धरता. हजार चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण दहा गुंठ्यांच्या पट्ट्याला तीन फेऱ्या लागल्या तर जवळपास सात तास नुसतं चालणं झालं. त्यापेक्षा मोठ्या पट्ट्याला हे यंत्र नको.

देखभालीत लोक एक गोष्ट विसरतात. लांब गवत पात्यांच्या दांड्याला गुंडाळलं जातं, आत सरकत ऑइल सील कापतं आणि गिअरबॉक्समधलं तेल गळू लागतं. म्हणून आधी गवत बुडापासून कापून बाहेर काढा, आणि दर अर्ध्या तासाने इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून, गुंडाळलेलं गवत चाकूने सोडवा.

एटीव्हीमागचा तव्यांचा कुळव

एटीव्ही म्हणजे खडबडीत वाटेवर चालणारी छोटी चारचाकी; तिच्यामागे ओढायचा, गोल लोखंडी तव्यांनी माती कापणारा हा कुळव. खूप विकला जाणारा आणि खूप निराश करणारा प्रकार. जाहिरातीत रुंदी आणि तव्यांची संख्या ठळक असते, पण मातीत शिरायचं ठरतं प्रत्येक तव्यावर किती किलो येतात त्यावर. 160 किलोच्या कुळवाला सोळा तवे असतील तर तव्याला दहा किलो. त्याच वजनाला आठ तवे असतील तर वीस. पड जमिनीत आठ तव्यांचाच घ्यावा. अरुंद असतो, फेऱ्या वाढतात, पण काम होतं. वजन वाढवायला वर ट्रे असतोच. सिमेंटचे ठोकळे किंवा वाळूची पोती त्यात पट्ट्याने घट्ट बांधा, आणि ती तव्यांच्या दांड्याच्या बरोबर वर येतील अशी ठेवा. वजन म्हणून माणूस बसवू नका. घसरला तर तव्यांखालीच जातो.

कडेला खाचा असलेले तवे गवत आणि काडीकचरा कापतात. गुळगुळीत कडेचे तवे आधी फोडलेल्या जमिनीसाठी. कोन बदलता यायलाच हवा. पहिल्या फेरीला कोन कमी ठेवून गवताचं जाजम नुसतं चिरायचं, मग वाढवून माती पलटायची, आणि दुसरी फेरी पहिलीला तिरपी. ज्यात तव्यांच्या रांगांची एकच जोडी असते तो कुळव माती बाहेर फेकतो आणि मध्ये न कापलेली पट्टी सोडतो. दर फेरीला अर्धी रुंदी आधीच्या फेरीवर चढवली की ती उरत नाही. रांगांच्या पुढे-मागे दोन जोड्या असलेल्या कुळवात मागची जोडी माती परत आत आणते, म्हणून जमीन सपाट राहते. मात्र तवे दुप्पट होतात आणि वजन पुन्हा वाटलं जातं.

बिघाड बहुधा एकाच जागी होतो, तव्यांचा दांडा आवळणाऱ्या नटमध्ये. नवा कुळव तास-दोन तास चालला की तो नट सैल पडतो, तवे डुलू लागतात आणि मधलं भोक झिजून मोठं होतं. तासाभराने थांबून पाना लावा. बेअरिंग सीलबंद असतील तर उत्तम. साधे बुश असतील तर दर वापराला ग्रीस.

गाडीचीही बाजू आहे. एटीव्ही लो रेंजमध्येच, म्हणजे कमी वेगाच्या आणि जास्त ताकदीच्या गिअरमध्येच चालवा. हाय रेंजमध्ये हळू ओढलं की सीव्हीटीचा, म्हणजे आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, पट्टा घसरतो, तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. तो वास आला म्हणजे पट्ट्याचं आयुष्य कमी झालंच. धूळ आणि गवताचं बी रेडिएटरच्या जाळीत बसतं, ती मधूनमधून झाडा. ओढायची पिन नेहमी खालच्या हुकात. मागच्या कॅरिअरला दोर बांधून ओढलं आणि कुळव खुंटाला अडकला, तर गाडी पुढची चाकं उचलून मागे पलटते. वाटेवर नेण्यासाठी कुळवाला चाकं हवीतच, नाहीतर पोचेपर्यंत वाट नांगरली जाते.

छोट्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर

वीस-पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर हाताशी असेल तर 1.2 मीटरचा रोटाव्हेटर एकट्याने सगळं उरकतो. रुंदी मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेइतकी तरी हवी, नाहीतर मोकळ्या केलेल्या मातीवरच टायरची वाट उमटते. खुंट-दगडांच्या जागी स्लिप क्लचवालं, म्हणजे पाती अडकली की घसरून गिअरबॉक्स वाचवणारं, मॉडेल घ्या. शिअर बोल्टवालं, म्हणजे अडकल्यावर मुद्दाम तुटणारा मऊ बोल्ट असलेलं, स्वस्त पडतं, पण दर दगडाला बोल्ट तुटतो; मग कंटाळून कुणीतरी कडक बोल्ट घालतं आणि पुढचा दगड गिअरबॉक्स फोडतो. स्लिप क्लचही हंगामभर पडून राहिला की गंजून चिकटतो. वर्षातून एकदा स्प्रिंग सैल करून तो घसरतो का ते बघा आणि पुस्तिकेतल्या मापाला परत आवळा.

पीटीओ शाफ्टची, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याची, लांबी प्रत्येक ट्रॅक्टरला मोजून कापावी लागते. आतल्या नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश शिरलेल्या हव्यात, आणि अवजार वर-खाली करताना कुठेही टोकाला टेकता कामा नयेत. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकणारे खूप. ते करू नका.

रोटाव्हेटरचा दोष त्याच्या गुणातच आहे: माती पिठासारखी होते. जोराचा पाऊस पडला की वर पापडी धरते आणि क्लोव्हरचे नाजूक कोंब तिच्याखालीच वाकतात. ओल्या मातीत पाती तळ गुळगुळीत थापतात, खाली कडक थर बसतो. वाफसा आल्याशिवाय आत शिरू नये. मूठभर माती दाबा, अंगठ्याने टोचल्यावर फुटली तर चालू, चिकटून राहिली तर थांबा.

रोलर, ज्याला कुणी पैसे ठेवत नाही

सगळी रक्कम खणणाऱ्या यंत्रावर जाते आणि बी उगवत नाही म्हणून बियाणेवाल्याला दोष मिळतो. बारीक बी मोकळ्या मातीत खोल जाऊन मरतं. खोबणीदार कड्यांचा ओतीव लोखंडी रोलर असेल तर कसलंही टिलर निभावून नेतं. बारीक बियांसाठी क्रम असा: माती मोकळी करा, रोलर फिरवा, बी फोका, पुन्हा रोलर. ओटसारखं मोठं बी आधी फोकून हलक्या कुळवाने झाका आणि मग दाबा. पहिल्या दाबणीनंतर बुटाचा ठसा एक सेंटीमीटरपेक्षा खोल उमटला तर अजून एक फेरी. पाणी भरायचा गुळगुळीत प्लास्टिक रोलर चालतो, पण ओलसर चिकणमातीत तो बीसुद्धा उचलून नेतो.

उतारावर कुठलंही अवजार उताराला आडवं चालवा आणि मध्ये गवताच्या पट्ट्या राखा. उतार तीव्र असेल तर तिथे खणूच नका, गवत कापून त्यावर राय फोका. जमिनीवर घरटी करणाऱ्या पाखरांच्या विणीच्या काळात कापणी आणि कुळवणी दोन्ही पुढे ढकला.

जुनं यंत्र बघायला गेलात तर तवा दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलेलं आहे. रोटाव्हेटरच्या बाजूच्या पेटीखाली बोट फिरवा, तेल लागलं तर आतलं सील बघितल्याशिवाय सौदा करू नका. रंग ताजा असेल तर वेल्डिंगचे सांधे दोनदा तपासा.