चाकाच्या लॉक बोल्टची चावी हरवली असेल तर गोव्यातल्या साखळी गावच्या या दुकानात जा

चोर्ला घाटातून ज्यांची कायम ये-जा असते, त्यांच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितेय. माझं सासर वाळपईला, माहेर बेळगावला. आमची फोक्सवॅगन पोलो मीच चालवते आणि बहुतेक वेळा मागे मुलं असतात.

गाडी सेकंडहँड. आधीच्या मालकाने बाहेरची अ‍ॅलॉय व्हील्स बसवलेली आणि ती चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाच्या पाच बोल्टांतला एक लॉकवाला. तो साध्या पान्याने सुटत नाही, त्याच्या डोक्यावरच्या नक्षीत बसणारी छोटी चावी लागते. दुसऱ्या एका ठिकाणी चाकांच्या अलाइनमेंटला गाडी दिली होती, तिथे ती चावी हरवली. वर पुढच्या डाव्या चाकाचा लॉक त्यांनी कसातरी ठोकून काढला आणि ते भोक रिकामंच ठेवून गाडी माझ्या हातात दिली. "चार आहेत ना, चालतं." उरलेल्या तीन लॉकांवर नट वेल्ड करून काढू म्हणाले. हवा भरलेल्या टायरच्या चाकावर वेल्डिंग! उष्णतेने टायर फुटला तर समोर बसलेला माणूस वाचत नाही. मी गाडी तिथून काढली आणि अगदी हळू चालवत या दुकानात आणली.

इथल्या मालकांनी गाडी जॅकवर घेण्याआधी उकिडवं बसून उरलेले बोल्ट पान्याने एकेक तपासले. मग मला म्हणाले, "बाय, नुसती चावी नसली तर गाडी चालवायला धोका नाही, पंक्चर झालं की अडशील एवढंच. पण बोल्टच नसेल तर गोष्ट वेगळी." चाक नुसतं बोल्टांवर टांगलेलं नसतं, बोल्ट त्याला हबवर, म्हणजे चाकामागच्या फिरणाऱ्या भागावर, आवळून दाबून धरतात आणि त्या दाबावर सगळं पेलतं. एक नसला की दाब एका बाजूला कमी पडतो, शेजारचे दोन बोल्ट चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडे थोडे वाकतात, आणि असा थकलेला बोल्ट एक दिवस तुटतो. जवळच्या गॅरेजपर्यंत हळू नेणं वेगळं. घाटातली वळणं, उतार आणि सारखा ब्रेक त्या चार बोल्टांवर टाकायचा नाही. चारच बोल्टांचं चाक असेल तर एक गेल्यावर तेवढंही करू नये, असं त्यांचं म्हणणं.

लॉक काढताना त्यांनी एअर गन हातातही घेतली नाही. आतून उलट्या आट्यांचा एक सॉकेट असतो, तो लॉकच्या डोक्यावर हातोडीने घट्ट बसवला आणि लांब दांड्याने हळूहळू जोर दिला. जितकं फिरवाल तितका तो सॉकेट डोक्यात रुततो. मागच्या उजव्या चाकाचा बोल्ट पावसाने गंजलेला होता. तो कर्र करून सुटला तेव्हा दुकानातल्या पोराच्या चेहऱ्यावरसुद्धा हसू आलं. अ‍ॅलॉयवर एक ओरखडा नाही.

मला सगळ्यात आवडलं ते याच्या पुढचं. पोलोचे कंपनीचे बोल्ट त्यांच्याकडे होते, आटेही बरोबर बसत होते. तरी लावले नाहीत. दोन्ही बोल्ट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. कंपनीच्या बोल्टची डोक्याखालची, चाकाला टेकणारी बैठक गोल, माझ्या अ‍ॅलॉयला लागणारी निमुळती. चुकीची बैठक नुसत्या कडेवर टेकते, घट्ट वाटते आणि नंतर ढिली पडते. बरोबरचे बोल्ट मागवेपर्यंत गाडी ठेवून घेतली आणि मला सांगितलं, "कदंबाच्या बसने घरी जा." मी गेले.

गाडी घ्यायला आले तेव्हा चाकं माझ्यासमोर बसवली. हब तारेच्या ब्रशने साफ, आट्यांना तेल-ग्रीस काही नाही. बोल्ट आधी हाताने, मग एक सोडून एक असे आवळले आणि गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, १२० न्यूटन मीटरवर शेवटचा हात. आपल्याकडे किती दुकानांत टॉर्क रेंच नुसता भिंतीवर लटकलेला असतो! पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आणखी एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. माझी स्टेपनी लोखंडी आहे, तिला गोल बैठकीचेच बोल्ट लागतात. अ‍ॅलॉयचे बोल्ट तिला लावून घाट उतरणं म्हणजे पुन्हा तोच धोका. त्यांनी कंपनीचे पाच बोल्ट पिशवीत बांधून स्टेपनीच्या खळग्यात ठेवून दिले. बाहेरची अ‍ॅलॉय असलेल्या प्रत्येकाने आज डिकी उघडून हे बघावं.

लॉक काढायचे प्रत्येकी ३०० रुपये घेतले, बोल्टांचे वेगळे, सगळं बिलावर लिहून. मला ते रास्त वाटले. नवे लॉक बसवू का, असंही विचारलं, मी साधेच बोल्ट ठेवले. रात्री घाटात टायर बसला तर गाडीतल्या पान्याने चाक सुटलं पाहिजे, चोरीची भीती मला त्यापुढे कमी वाटते.

उणीव एकच, बसायला जागा नाही. पावसात छत्री धरून उभं राहावं लागतं. वयस्कर माणसांना सोबत नेऊ नका. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी पूर्ण बंद, आणि बोल्ट मागवायचे असतील तर सकाळीच जा.